आज तुम्ही वाचवले

बिलाच्या तळाशी एक ओळ छापलेली असते:
आज तुम्ही वाचवले रु. ३८.
मागच्या महिन्यापर्यंत ती नुसती कागदावर होती,
आता काउंटरवरच्या मुलींना तोंडानंही म्हणावी लागते,
हसून.
सात नंबरची सुलक्षा गवस ती म्हणते
आणि त्याच श्वासात पुढच्याची टोपली ओढते.

मी सरकारी बसवर कंडक्टर होतो.
एकतीस वर्षं म्हापसा पणजी, पणजी म्हापसा,
पेरांवर शाई, खांद्यावर पट्ट्याचा वळ.
वर्षाला दोन खाकी जोड मिळायचे
आणि ते धुवायला वेगळा भत्ता.
मळ माझा, साबण सरकारचा,
असं म्हणून हसायचो आम्ही डेपोत.
त्याच नोकरीच्या जिवावर आज
पर्वरीच्या या थंडगार दुकानात
उकड्या तांदळाच्या तीन जाती
मुठीत घेऊन बघत उभा राहतो.

चवथ झाली आणि सुलक्षाचं स्टूल गेलं.
विचारलं तर म्हणाली,
"बसला की हात मंद होता, म्हणतत."
त्याआधी दोडामार्गाहून आणणारी मिनीबस गेली होती,
मग चार वाजताचा चहा,
मग ओळखपत्रावरून दुकानाचं नाव.
तिथं आता कुणी कंत्राटदार आहे
ज्याचं ऑफिस तिनं पाहिलेलं नाही.
कुडता मात्र दुकानाच्याच रंगाचा,
सहाशे रुपये,
दोन हप्त्यांत पगारातून कापलेले.

रात्री टेबलावर बिल पसरून बसलो.
गल्ला जुळवल्याशिवाय झोपायची सवय नाही अजून.
खोबरेल चौदा, तूरडाळ नऊ,
साबणचुरा अकरा, काडेपेट्या चार.
बायको म्हणाली, कुणाचं पत्र आलंय एवढं?
अडतीस जुळले.
पण यातलं स्टूल कुठलं, चहा कुठला,
ते काही लागेना.
आमच्या तिकिटावर टप्पे असत,
कुठून बसलात, कुठवर, किती पैसे.
या कागदावर फक्त उतरायची जागा होती.

शुक्रवारी तिची सुट्टी.
म्हापशाच्या बाजारात दिसली,
इश्पेरांसच्या हरमल मिरच्यांपुढे उकिडवी.
उकिडवी का होईना, बसलेली.
पूर्वी इश्पेरांस दोन पाटल्या घेऊन यायची,
आता एक, तीही दुपारपर्यंत अर्धी.
सुलक्षा भाव पाडत होती, चांगलाच पाडत होती.
"ना गो बाय, म्हाका परवडना.
तुमगेल्या दुकानांत वच, थंय सवाय."
सुलक्षा काही बोलली नाही.
कार्डावर पाच टक्के सूट आहे तिला तिथं,
दोन हजारांच्या वर बिल झालं तर.

शेवटी वीस रुपये उतरवून
इश्पेरांसनं मिरच्या वर्तमानपत्रात बांधल्या,
गाठ मारताना जरा जास्तच जोर लावला.
पुडी घेताना सुलक्षाचे ओठ हलले,
सवयीनं, ती ओळ म्हणायला.
ओळ बाहेर आली नाही.
मी मयड्याची केळी चाचपत राहिलो,
तिनं बघू नये म्हणून.

सोमवारी खोबरेल संपलं.
गेलो. तिथंच गेलो.
चौदा रुपये चौदाच असतात, पेन्शनवाल्यालाही.
पाच नंबरचा काउंटर मोकळा होता,
मी सातच्या रांगेत उभा राहिलो,
जसं काही त्यानं काही होणार होतं.
तिनं भार या पायावरून त्या पायावर घेतला.
"आज तुम्ही वाचवले चौदा रुपये."
बसमध्ये लोक सुट्ट्या पैशांना म्हणायचे, राहू दे.
तेच शब्द जिभेवर आले.
पण राहू दे म्हणायला
ते चौदा तिच्या हातात आलेच कुठं होते?

बाटली पिशवीत घालायला मी मुद्दाम वेळ लावला,
काढली, आडवी ठेवली, परत उभी केली.
तिचे हात तेवढा वेळ पट्ट्यावर नुसते पडून होते.
मग मागच्याची ट्रॉली
माझ्या टाचेला लागली.