नाकचिमटा

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत सातवी ब,
डबे, बाटल्या, अखंड कलकल.
खलफ आजोबांनी खिशातून काढला
कासवाच्या कवचाचा चिमटा, बोटाएवढा.
"वडिलांचा. हा नाकाला, दगड पायाला,
आणि खाली."

मी अरबीचं हिंदी करते, अडखळत.
अँजेलोने नाक दाबून पाहिलं: एकोणचाळीस.
शमा त्रेपन्नला लालबुंद.
"आजोबा, मोती जायचे कुठे?"
"मुंबईला."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
जणू वही माझ्याकडेच राहिली होती.

आईची नथ साताऱ्यात, कापसात गुंडाळलेली.
सात बसराई मोती.
संक्रांतीला घालते, तासाभरात काढते,
नाक दुखतं म्हणते.

"मिस, हे परीक्षेला आहे?" फरदीनने विचारलं.
मी अजून
आकडे मोजत होते,
श्वास न घेता.