अधिक एकोणीस

वनक्षेत्र कार्यालयात एकच कॉम्प्युटर,
तोही चंद्रपूरहून जुना होऊन आलेला.
त्याच्या पोटात सध्या एकेचाळीस हजार फोटो,
झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांनी काढलेले.
निम्मे वाऱ्याने हललेल्या पानांचे,
बाकी चितळ, रानडुक्कर, मोरांची ढुंगणं,
आणि कुठेतरी वाघ.
पट्ट्याला पट्टा जुळवत बसलाय एक प्रोग्राम
सोमवारपासून.

आज गुरुवार. अंतकलाबाई शेंडे उभी आहे
चौकटीला डावा खांदा टेकून.
पिशवीत सातबारा, आधार, पासबुक,
आणि मेलेल्या कालवडीचा फोटो पोराच्या मोबाइलात.
"फारम आजच भरा लागते म्हंते गार्ड. उद्या मुदत सरते."
बसा, म्हटलं. फॉर्म उघडला.
उघडला नाही.
पांढऱ्या पडद्यावर चाक फिरत राहिलं
कोरड्या विहिरीवरच्या रहाटासारखं.

डोमाजी म्हणाला, "बंद करून चालू करा ना, सर."
बंद केला तर चार दिवसांची जुळवाजुळव पाण्यात.
काळी खिडकी उघडली. टॉप लिहिलं.
सगळ्यात वर तोच, बावीसशे चौदा नंबरचा,
शंभरातले सत्त्याण्णव घेऊन बसलेला,
पहिल्या पंगतीला बसून
उठायचं नाव न घेणाऱ्या सोयऱ्यासारखा.

त्याला मारायचं नव्हतं.
जरा सरकवायचं होतं.

रीनाइस, एकोणीस, बावीसशे चौदा. एंटर.

नाइस म्हणजे भला.
या यंत्राकडे भलेपणाला आकडे आहेत.
उणे वीस म्हणजे कोणालाच न जुमानणारा.
एकोणीस म्हणजे
दाराबाहेर चप्पल काढून
"तुमचं होऊ द्या आधी" म्हणणारा.
याहून भलं इथे होता येत नाही.

फॉर्म उघडला.
वय? "पोळ्याले दोन वर्साची झाली असती."
रंग? "तांबडा. कपायावर पांढरा टिकला."
टिकल्याला रकान्यात जागा नव्हती.
पावती निघाली साडेबाराला.
बाईने ती उन्हात धरून पाहिली, नोटेसारखी,
आणि गेली.

मग त्याला शून्यावर परत आणायला गेलो.
परवानगी नाकारली.
नियम ठाऊक आहे, तरी दरवेळी विसरतो:
साध्या माणसाला आकडा वाढवता येतो,
उतरवता येत नाही.
भलं व्हायला कोणाची सही लागत नाही.
त्यातून परत यायला रूट लागतो,
आणि रूटचा पासवर्ड चंद्रपुरात,
सुटीवर गेलेल्या कोणाच्या तरी डायरीत.

डोमाजीला सांगितलं.
तो काडीने दात कोरत ऐकत होता.
"आमच्या बुढ्यानं एका वर्सी बोडीचं पाणी
पयले बाजूच्या बांधीत जाऊ देल्लं.
चायीस वर्सं झाली, सर.
अजून त्याइचंच पयलं."

रात्री लाइट होती. मी थांबलो.
साडेनऊनंतर या यंत्राकडे मागणारं कोणी उरत नाही.
पडद्यावर तो, अजून एकोणीसच,
आणि शंभरातले नव्व्याण्णव त्याच्याकडे.
हक्काने नाही, मेहेरबानीनेही नाही.
पंगत उठली होती, एवढंच.
ट्यूबलाइटभोवती किडे, बाहेर कुठेतरी टिटवी,
आणि पंख्याचा घरघराट, भरल्या पोटाचा.

सकाळी 'माणूस' नावाच्या फोल्डरात
कॅमेरा सतरा. पहाटे चार पन्नास.
मोहाला निघालेली बाई, डोईवर टोपली.
काळ्यापांढऱ्या उजेडात चेहरा नाही,
फक्त डाव्या अंगाला कललेला खांदा.
'वाघ' नावाच्या फोल्डरात
तोच कॅमेरा, तीच वाट.
पाच वाजून एक मिनिट.

अकरा मिनिटं.
कोण कोणासाठी थांबलं
याचा रकाना प्रोग्राममध्ये नाही.
दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले,
मग जिथले तिथे टाकले.

"च्या आणू का?" डोमाजीनं विचारलं.