बीट : एंडला

फळा रोज सकाळी मीच लिहिते.
खडू जरा ओला करून घेते,
म्हणजे अक्षर ठसठशीत उठतं.
बटाटे : उर्मास, चुनखडीच्या उतारावरचे.
चीज : हिल्येच्या शेळ्यांचं.
मासा : आज नाही, समुद्र खवळलाय.
बीट : एंडला.
एंडलापुढे कधी काही लिहावं लागलं नाही.
लोक फेरीबोटीतून उतरतात,
चाळीस किलोमीटर गाडी हाकत
सारेमाच्या या टोकाला येतात
ते असं कुणाचं तरी नाव खायला.

ऑगस्टच्या शेवटी रानडुकरं
तिचा दगडी गडगा ओलांडून आली.
एका रात्रीत सगळे वाफे उलथेपालथे.
सकाळी एंडला मागच्या दाराशी.
"संपलं," एवढंच म्हणाली.
बादली मात्र आणली होती हातात,
सवयीने.

काउपोने मुख्य भूमीवरून बीट मागवलं.
सोललेलं, उकडलेलं, प्लास्टिकमध्ये गच्च,
एकजात सारखं,
गणवेशातल्या पोरांसारखं.
"फळ्यावर काय लिहू?"
तो सुरीला धार लावत होता.
मान वर न करता म्हणाला,
"आहे ते राहू दे हंगामभर. कुणाला कळतंय?"
मी राहू दिलं.
म्हणजे, राहू दिलं असंही नाही.
रोज पुसलं आणि रोज नव्याने लिहिलं,
ओल्या खडूने.

आणि शनिवारी एंडला पुढच्या दाराने आली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
हेलसिंकीहून नात आली होती, इंगेल.
आजी ऐंशीची झाली म्हणून जेवण.
अंगात निळा कोट,
नखांच्या कडांना मात्र तीच माती,
ब्रशला दाद न देणारी.
बसण्याआधी तिने खुर्ची हलवून पाहिली,
बाजारात शेळी पारखावी तशी.

नातीने फळ्याचा फोटो काढला.
मग आजीला फळ्याखाली उभी करून आणखी एक.
एंडला हसली.
फोनकडे बघून. माझ्याकडे नाही.

चोराच्या मनात चांदणं.
त्या टेबलावर मी तीनदा पाणी भरलं,
भरलेल्या ग्लासातसुद्धा.

ताटलीत बीटचे पापुद्र्यासारखे काप,
वर चीज, शेपूची काडी,
भाजलेल्या जवसाची चिमूट.
चौदा युरो.
तिने एक काप काट्यावर उचलला,
खिडकीच्या उजेडात धरला,
आतली वळी निरखत राहिली,
दुसऱ्याच्या पोराचं तोंड निरखावं तशी.
मग खाल्ला. सावकाश.
"किती गोड," नात म्हणाली, "तुझंच ना, आजी!"
एंडलाने काळ्या पावाच्या तुकड्याने
ताटली लख्ख पुसून घेतली.
अन्नाला नावं ठेवणाऱ्यातली ती नव्हे.

नात गाडी काढायला गेली
तेव्हा ती फळ्यापाशी आली.
अंगठा जिभेला लावला
आणि आपलं नाव पुसलं.
फक्त नाव.
बीट राहिलं, त्यापुढचे दोन ठिपके राहिले,
पुढे काही नाही.
अंगठा नव्या कोटालाच पुसत म्हणाली,
"पाणी फार पाजलंय गं त्याला."

रविवारी मी लिहिलं :
बीट : बोटीने आलेलं.
काउपो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.
दोन गिऱ्हाइकं हसली
आणि त्यांनी तेच मागवलं.

मंगळवारी मागच्या दाराशी बादली आपटली.
लसूण.
"याला डुकरं शिवत नाहीत," एंडला म्हणाली.
"नाव घाल.
संपली की पूस."

अठ्ठेचाळीस गड्डे.
मी दोनदा मोजले.