दोन टोकांचा दिवा

तार मीच टाकली, एकोणीस वर्षांपूर्वी,
कनोराच्या उत्तरेला, जमीन गोठायच्या आत,
भाड्याच्या यंत्राने चर खणून.
इकडे ओरेस्टचं घर, तिकडे मिरोनचं,
मध्ये आठशे मीटर कनोलाची धसकटं,
आणि दोघांत मिळून रस्त्यावर एकच फाटक,
एकच खांब, एकच दिवा.

तेव्हा भाऊ बोलत होते एकमेकांशी.
"दोन्ही घरांतून लागला पाहिजे," थोरला म्हणाला.
"आणि दोन्ही घरांतून विझला पाहिजे," धाकटा.
मी समजावलं, एवढ्या लांबच्या तारेत
वीज पोचेपर्यंत दमते.
म्हणून बटणांपर्यंत बारीक तार, चोवीस व्होल्ट,
निरोपापुरती.
खरी ताकद खांबावरच्या डब्यात.
जिन्यातल्या दिव्यासारखं समजा, म्हटलं,
फक्त हा जिना आडवा आहे
आणि वरचा मजला कुणाचा ते ठरलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवली:
अशा बटणावर चालू-बंद लिहिता येत नाही.
वर म्हणजे लागलेला, खाली म्हणजे विझलेला,
असं काही उरत नाही.
तुमच्या बटणाचा अर्थ
दुसऱ्याने शेवटी काय केलं, त्यावर.
दोघं हसले. मिरोनने पैसे रोख मोजले,
ओरेस्टच्या बायकोने पिरोही बांधून दिले, अजून गरम.

मग कापणी यंत्राच्या एका पट्ट्यावरून
(पट्टा चाळीस डॉलरचा)
बोलणं तुटलं.

पहिला फोन ओरेस्टचा:
"लॉयड, दिवा आपोआप विझतो. रोज सव्वादहाला."
आठवड्याने मिरोनचा:
"दिवा आपोआप लागतो. अंधार पडला की लगेच."
मी डबा उघडला. एका उंदराचं घरटं होतं,
ते काढलं. बाकी सगळं ठीक.
'दोष नाही' असं लिहून दिलं दोघांनाही,
बिल अर्धं-अर्धं, दोन लिफाफ्यांत.
दोष होता,
पण माझ्या परवान्यात बसणारा नव्हता.

रात्री त्या रस्त्याने येताना बघायचो:
लागला. विझला. लागला. विझला.
मैलभर दुसरा उजेड नाही,
आणि हे दोघे म्हातारे
खिडक्यांत उभे राहून भांडताहेत.
ओरेस्टची बायको गेली त्या रात्री मात्र
मिरोनने दिव्याला हात लावला नव्हता.
सकाळपर्यंत जळत होता.

गेल्या जानेवारीत, उणे एक्केचाळीस.
सव्वादहा झाले, दिवा तसाच.
साडेदहा.
अकराला ओरेस्टने स्वतःच विझवला,
मिनिटभर थांबला,
परत लावला.
पलीकडून काही नाही.
ट्रक सुरू होईना, तेव्हा चालत निघाला,
फाटकापर्यंत, दिव्याखालून, पुढे
बरोबर माझ्या तारेवरून,
जिथे बर्फ जरा खचलेला असतो.

मिरोन मागच्या ओसरीत पडलेला,
खुबा मोडलेला, अंगावर ओढून घेतलेली
कोंबड्यांच्या खाद्याची गोणी.
शुद्धीत होता.
बारा वर्षांनी पहिलं वाक्य बोलला:
"अकरा वाजून गेले, मूर्खा. दिवा विझव आधी."

एप्रिलमध्ये गेलो, बर्फ वितळल्यावर.
म्हटलं, आता हे सगळं फोनवरून होतं,
टोरांटोत बसूनही लावता येईल,
वेगवेगळे दोन दिवे करून देतो, तार काढून टाकू.
मिरोन वॉकर टेकत दारापर्यंत आला.
"तारेला हात लावू नकोस."
ओरेस्ट कुठे होता विचारलं नाही.
चुलीवर दोन कप होते, तेही मोजले नाहीत.
मोजले. दोन होते.

परवा तिकडून येताना सव्वादहा झाले
आणि माझ्यासमोर दिवा विझला, वेळेवर.
मी फाटक ओलांडलं.
आरशात, मागे,
पुन्हा लागला क्षणभर,
मग विझला.
कुणी लावला, कुणी विझवला,
तार टाकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.