ताण

संक्रांत उलटली की पोफळेबाई कुंपणावरून सांगतात,
मोगऱ्याचं पाणी तोडा.
नळी गुंडाळून खिळ्याला टांगा, फेब्रुवारीपर्यंत.

तळजाईकडून गार वारं, आळ्यात भेगा,
मला बघवेना.
रात्री तांब्याभर घातलं, चपला न वाजवता.

मग छाटणी. मी आपले नखाएवढे शेंडे खुडत होते.
"केस कापताय का?" म्हणत त्यांनी कात्री घेतली.
बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या वर, तिरका काप;
झुडूप वितीवर आलं.
आळ्यात बोट खुपसलं, थांबल्या.
कात्री पदराला पुसून परत दिली.

चैत्रात त्यांना परडी पुरेना.
माझ्याकडे पानंच पानं,
हिरवीगार, निर्लज्ज.

आज सकाळी कठड्यावर
ओल्या फडक्यात बांधलेल्या ओंजळभर कळ्या
आणि एक खिळा.