डिपस्टिक

नऊशे वीस ठरले होते. खलफान मास्तरांनी मोजून घेतले,
वरचे वीस रियाल परत माझ्या हातात ठेवले,
म्हणाले, पेट्रोल भर.
मुल्कियावर आता माझं नाव आहे.
अरबीत ते इतकं गोल दिसतं
की आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचं.

सर्व्हिसची वही नाही. एक पावती नाही.
डॅशबोर्डच्या खणात खजुराच्या तीन बिया,
एक निळी हेअरपिन,
आणि दाराच्या कडेला उन्हाने खाल्लेला स्टिकर.
पुढचं ऑइल अमुक किलोमीटरला.
आकडा उडून गेलाय. नुसतं ‘पुढचं’ उरलंय.

मी इस्पितळाच्या लॅबमध्ये असते.
दिवसभर लोकांचं रक्त, लघवी, पोटातलं पाणी
काचेच्या नळीत धरून उजेडाकडे बघायचं.
त्यामुळे वादी कबीरच्या सनायात सैदलवीने
डिपस्टिक ओढून पांढऱ्या चिंधीवर टेकवली,
तेव्हा तो तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं,
हे अंगावर काढलेलं दुखणं आहे.

मलप्पुरमचा माणूस. मराठी कळली नाही, पण मान हलवली.
"सब बदलेगा," म्हणाला. "लाइन से."

आधी इंजिनचं.
काकवीसारखं म्हणणार होते,
पण काकवीला दाटपणा असतो. हे नुसतंच काळं.

मग रेडिएटर. झाकण गार इंजिनावरच उघडायचं,
म्हणून सकाळी साडेसहालाच जाऊन उभी होते.
आत कूलंट नाही. नळाचं पाणी,
गंजून कोऱ्या चहाच्या रंगाचं.
चौदा उन्हाळे ही पाण्यावर निभावून नेलेली.
अशी माणसं माझ्या ओळखीची आहेत.
साइटवरून येतात, क्रिएटिनिन चढलेलं,
विचारलं तर म्हणतात,
काही नाही, जरा कणकण आहे.

ब्रेकचं तेल हवेतला ओलावा पितं.
बघायला ठीक होतं.
सैदलवी म्हणाला, बघण्यावर जाऊ नका,
अमरातचा उतार उतरताना ते उकळतं,
मग पाय तळाला जातो आणि गाडी ऐकत नाही.
टायरांच्या कडेला चार आकडे असतात, आठवडा आणि साल,
तेही त्यानेच वाचायला शिकवलं.
नक्षी शाबूत, वय संपलेलं.
बेल्टला चिरा. बॅटरीच्या टोकांवर हिरवट फुलोरा.

गिअरचं तेल मात्र त्याने सगळं काढलं नाही.
तीन लिटर काढलं, तीन घातलं, झाकण लावलं.
बाकीचं?
राहू दे, म्हणाला. जुन्या तेलाची सवय आहे तिला,
एकदम सगळं नवं भरलं
तर गिअर धरत नाहीत, सरकतात.
दोन हजार किलोमीटरने या, आणखी तीन.

मी आले तेव्हा सगळं एकाच आठवड्यात बदललं होतं.
पाणी, सुट्टीचा वार,
दारावर एकटीचंच नाव.
पहिली दोन वर्षं मीही सरकत होते.

चाकाखाली ठेवायला पर्समध्ये लिंबू आणलं होतं.
सांगायचा धीर होईना.
दहाच्या सुमाराला त्याने सुलेमानी ओतला,
ओशाळून म्हणाला, लिंबू संपलंय.
मी काढून दिलं.

एकशे त्रेसष्ट रियाल.
इचलकरंजीहून ताई फोनवर: अगं, चालत होती ना?
चालत होती.

आज कामावर निघण्याआधी बॉनेट उघडलं.
डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, परत काढली.
मधाच्या रंगाचं, दोन खुणांच्या मध्ये.
नॉर्मल, असं मी दिवसातून शंभरदा लिहिते.
आज पार्किंगमध्ये मोठ्याने म्हटलं,
शेजारचा बलुची वळून बघायला लागला.

एसी अजून कुरकुरतोय.
त्याचं पुढच्या पगाराला.