तहानंतरचा गोळा

गोदीचं दार लावलं, पाणी उपसलं,
आणि ब्रिग कोरडी उभी राहिली
अंगावरची सात भोकं दाखवत.
मी धाकू कालापती. फटी भरणं माझं काम.
ही बांधली तेव्हा हिच्या बरगड्यांत काथ्या आणि राळ
मीच ठोकली होती, याच मोगरीनं.

मलबारचा साग. विलायती ओकासारखा
उडून माणसांत घुसत नाही,
गोळा गिळतो आणि गप्प बसतो,
असं मिस्त्री सांगायचे, गिऱ्हाइकाला सांगावं तसं.
गिळले आहेत हिनं. एक अजून पोटात आहे.

जयगडचा अब्बास सारंग परत आला,
डाव्या हाताला तीन बोटं.
जावाच्या अंगाला, त्या चिंचोळ्या समुद्रात
दुपार कलताना मोठं जहाज समोर आलं,
अमेरिकेचं, आमच्या दुप्पट तोफांचं.
आमच्या कप्तानानं कर्णा तोंडाला लावला:
तह झालाय! सहा महिने झाले! कागद आहे माझ्याकडे!
पलीकडून कर्णा:
मग निशाण उतरव.
उतरवलं नाही.

दोघं एकच भाषा बोलत होते, अब्बास म्हणाला,
अगदी एकच,
मला वाटलं, आता समजूत पटेल.

भाताला आधण यावं
तेवढ्या वेळात सगळं आटपलं.

मग त्यांनी कागद वाचला.
टोप्या काढल्या म्हणे. आपला वैद्य पाठवला,
आणि भोकं बुजवायला आपला सुतार.
हे पाहा त्याचं काम, पाण्याच्या रेषेवरचं हे ठिगळ:
लाकूड कसलं तरी हलकं, पांढरट, पण सांधा नेटका.
कुठेही खिळा वाकडा नाही.
पुढचा कालापती काढेल तेव्हा फळी चिरू नये
म्हणून त्यानं डोकी जरा वर ठेवली होती.
मी ती काढताना हळू ठोकलं.
कोण होता कुणास ठाऊक.

माझा झिलू दारूच्या पिशव्या वर नेत होता.
सोळावं लागलं होतं.

कचेरीत गेलो. वहीत साहेबांची नावं होती पुरती,
गावासकट, बापाच्या नावासकट.
खाली एक ओळ: खलाशी, सहा.
म्हटलं, सहांतला एक माझा.
कोठारे कारकुनांनी चष्मा पुसला.
माणूस वाईट नाही. माझ्या थोरलीच्या लग्नात
दोन रुपये दिले होते त्यांनी.
म्हणाले, धाकू, लढाईत पडला तर घरच्यांना काही मिळतं.
पण तह झाला मार्गशीर्षात
आणि तुझा पोरगा गेला ज्येष्ठात.
त्या दिवशी लढाई होती कुठे?
अपघात लिहू?

अपघाताचे किती?

त्यांनी टाक दौतीत बुडवला, पुन्हा बुडवला,
काही लिहिलं नाही.

आज सातव्या भोकात खांद्यापर्यंत हात घातला.
गोळा थंड, गंजून खरखरीत, बेलफळाएवढा.
नियम असा की कंपनीचं लोखंड कंपनीला.
पण हा कंपनीचा नव्हे, अमेरिकेचा,
आणि अमेरिकेशी तर आपलं काही भांडण नाही,
मार्गशीर्षापासून.
पंचात गुंडाळला, डोंगरीच्या वाटेनं घरी आणला.

त्याच्या आईनं विचारलं नाही काय आहे.
दोन्ही हातांनी उचलला, कोपरात घेतला,
जरा वर-खाली करून पाहिला.
एवढाच होता, म्हणाली,
बोरीच्या पाण्यानं धुऊन माझ्या हातात दिला तेव्हा.
मग वासराच्या खुंट्याशी नेऊन ठेवला,
दोर सुटतो सारखा, म्हणून.

परवाच्या भरतीला ब्रिग सोडायची आहे.
सहा भोकं बुजली. राळ उकळते आहे.
सातव्याच्या तोंडाशी मी मघापासून
काथ्या पिळत बसलोय,
आणि तो लागतोय त्याहून बारीक पिळला जातोय.